ओळखीची खूण

मुलुंड कॉलनीच्या टोकाला माझं दुकान.
बारसं, मुंज, लग्न; पासपोर्ट आठ मिनिटांत.
बत्तीस वर्षं दुकानामागे डोंगर होता,
मी पाठ करून बसायचो. गल्ला तसा मांडलेला.

मग पुनर्वसनाचं काम आलं:
एकशे चौदा माणसं,
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर,
मागे पांढरं, दोन्ही कान दिसायला हवेत,
दात नकोत.

चढताना दोनदा बसलो.
हिरज्या भुरकूडनं ऐनाच्या दोन झाडांना
माझी चादर आधीच ताणून बांधली होती.
"बिबट्याचे फोटू खात्याकडे ढिगानं," तो म्हणाला,
"त्याला कान दाखव म्हणून नाय सांगत कुणी."

पुरुषांनी एकच निळा सदरा घातला, आळीपाळीनं.
अकराव्या माणसापर्यंत काखेत ओला झाला,
बटणं मात्र प्रत्येकानं वरपर्यंत लावली.
चादरीवर पानांच्या सावल्या हलत होत्या;
दोन पोरी मागून ती ओढून धरायच्या,
आणि खालून त्यांची पावलं दिसायची.

नवशी दुमाडा शेवटी आली.
कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण.
चादरीला हात लावून म्हणाली,
"हिच्यामागं डोंगर हाय, तो का झाकला?"
मी म्हणालो, फॉर्मला चालत नाही.
ती बसली. भिंगाकडे नाही,
माझ्या बुटांकडे बघत राहिली.
तसाच काढला.

रात्री भाच्यानं सगळे चेहरे
संगणकावर एका बटणात साफ केले.
"डाग गेले मामा," म्हणाला, खूश होऊन.
कार्ड तोवर बारशासाठी पुसून झालं होतं.

एकशे चौदा चेहरे, धुऊन वाळत घातल्यासारखे.
देवीचे व्रण नाहीत, विळ्याची खूण नाही,
हिरज्याच्या भुवईतली फट बुजलेली.
नवशीची हनुवटी कोरी,
जशी कधी कुणी हातात धरलीच नव्हती.

मी माउस घेऊन बसलो.
कपाळावरचं आठवलं, चंद्रकोरीसारखं काहीतरी.
हनुवटीवर ठिपके दिले. पाच.
का पाच, ठाऊक नाही. हात तिथं थांबला.
बाकीच्यांचं काहीच आठवेना.
समोर बसवून ज्यांना मी म्हणालो होतो,
जरा डावीकडे, आता हलू नका.

पुन्हा चढलो. लोक पुन्हा बसले,
निळा सदरा धुऊन आणलेला होता.
नवशी बसली नाही.
"एकदा बसले. आता नागली निवडायची हाय."
मी तिचा फोटो तिच्या सुपाच्या काठावर ठेवला.

बराच वेळ बघितला तिनं, लांब धरून, मग जवळ.
"तीन ठिपक्यांची आयनं पायलीभर नागली दिली.
चौथा गोंदणारीनं फुकट दिला,
मी रडले नाय म्हणून."
मग बोट टेकवलं:
"हा कुणाचा?"

मी म्हणालो, चुकला. काढून टाकतो.
दोन मिनिटांचं काम आहे.

तिनं सूप पाखडलं.
कोंडा माझ्या बुटांवर आला.
"तुझा हाय तो," म्हणाली. "राहू दे."

गुरुवारी कचेरीत कारकुनानं फोटो डकवला,
चष्मा वर करून निरखून पाहिला,
आणि रकान्यात लिहिलं, ठळक अक्षरांत:
ओळखीची खूण –
हनुवटीवर पाच ठिपके.

मी पलीकडे उभा होतो, बिलावर सही घ्यायला.
बोललो नाही.