डीनबाईंच्या निरोपाला न वाचलेला कागद

मला दोन मिनिटं दिली होती. मी उठलोच नाही.
मी भट्टी सांभाळतो, शब्द माझ्या हातात तडकतात.
घरी येऊन लिहितोय, हेल्वी.
थंडर बेचा हिवाळा खिडकीला नाक लावून बसलाय.

तुझी पहिली कादंबरी मी रात्रपाळीला वाचली,
बंदरावरच्या धान्याच्या कोठारात, पानापानांत गव्हाची धूळ.
तुझा बाप होता तिच्यात, फावडं मारणारा फिनिश मजूर,
शनिवारी सौनात बसून संपाच्या गोष्टी सांगणारा.
माझ्या बापाचा खोकला तू हुबेहूब लिहिला होतास,
त्याला कधी न भेटता.
दुसरी मला तितकीशी कळली नाही. खोटं कशाला बोलू.

मग तू डीन झालीस.
तुझं नाव पुस्तकाच्या कण्यावरून उतरलं
आणि रजेच्या अर्जांवर, पियानो जुळवणाऱ्याच्या बिलावर,
माझ्या भट्टीच्या विटांच्या मागणीपत्रावर येऊन बसलं.
अकरा वर्षं.
नाचणाऱ्यांना लवचीक जमीन हवी,
चित्रवाल्यांना उत्तरेचा उजेड,
नाटकवाल्यांना नुसतं कुणीतरी ऐकणारं, रात्री साडेदहाला, फोनवर.
तू सगळ्यांना ‘बघते’ म्हणायचीस.
आणि बघायचीस, हे विशेष.

तो मार्च मात्र राहून राहून आठवतो.
वरून पैसे आवळले, एक विभाग जायलाच हवा होता.
छापचित्रांचा गेला. म्हणजे पेल्टिए गेला,
सव्वीस वर्षांची शाई नखांत घेऊन.
कार्यालयात तयार मसुदा होता, नाव घालून सही करायची फक्त.
त्या रात्री माझी भट्टी बाराशे अंशांवर, सोडून जाता येईना,
आणि तुझ्या खोलीत दिवा.
तू खाली आलीस, हातात दोन पानं.
वाचून दाखवलीस. मी म्हटलं, लांब आहे.
पुन्हा आलीस, एक पान. पुन्हा, अर्धं.
उजाडता उजाडता चार ओळी उरल्या.
‘पुनर्रचना’ हा शब्द त्यांत कुठंच नव्हता.
‘निर्णय माझा आहे, आणि तो चुकीचा असू शकतो’
असं होतं.
त्या अकरा वर्षांत तू लिहिलेलं एवढंच मी वाचलं.

पेल्टिएनं काय केलं, तुला माहीत आहे.
यंत्र भंगारात जायच्या आदल्या दिवशी
त्या चार ओळी शिशाच्या खिळ्यांनी जुळवल्या,
जाड कागदावर नऊ प्रती काढल्या.
एक मला दिली. भट्टीच्या वर टांगली आहे, काठ करपलेत.
तू येता-जाता बघायचीस. कधी बोलली नाहीस.
एकदाच म्हणालीस,
‘दुसऱ्या ओळीतला स्वल्पविराम माझा नाही.’
मी त्याला विचारलं. तो म्हणाला,
‘माहीत आहे. तिथं हवाच होता.’

आज तो आला होता, पाहिलंस का?
कोट लटकवतात त्या कोपऱ्यात उभा.
तुझ्याशी बोलला नाही, केकचे दोन तुकडे मात्र खाल्ले.
भाषणांत सगळे तिसऱ्या कादंबरीबद्दल विचारत होते
आणि तू नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल सांगत होतीस.

उद्या भट्टी उघडायची. पहिल्या वर्षाच्या पोरांची वाडगी आहेत,
जाड बुडाची, वाकडी.
तुझी किल्ली अजून माझ्याकडे आहे.
हवी असेल तर ये. घाई नाही,
दुपारपर्यंत तरी ती गरमच असते.