सातवी पिन

कॅबिनेट पुढं ओढलं तर मागनं
सहा वर्षांचा कापूस निघाला.
नीलम नगरात तो कुठं नसतो,
चहावरच्या सायीत, आमच्या भुवयांत,
इथं मात्र त्यानं घरटंच केलेलं.

कीबोर्डचं भोक जांभळं, माऊसचं हिरवं.
रंग कधीच विटले.
म्हणून यन्नममामांनी वायरींना सूत बांधलंय,
कीबोर्डला शेंदरी, माऊसला पांढरं,
आणि पंचिंग मशीनच्या जाड वायरीला काहीच नाही.
ती चुकायचीच नाही, म्हणाले.
तेरा पिना वर, बारा खाली,
उलटी धरली तर ती स्वतःच नाही म्हणते.

दिवाळीत राघव आला होता पुण्याहून,
पापडाएवढा लॅपटॉप घेऊन.
ती वायर हातात धरून
त्यानं लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवला.
दार सापडेना.
मग मधे एक डबी लावली, सातशे रुपयांची.
डबीत निळा दिवा लागला,
मशीननं एक भोक पाडलं नाही.
मामा म्हणाले, दिवा चांगलाय पण.

आज मी खाली पडून, तोंडात बॅटरी.
"आधी बंद केलंस का की?"
केलं, मामा.
"चालू असताना लावायचं नाही हां.
येता-जाता घुसायला ती काय यूएसबी नव्हं."
बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
फरशी तेवढी गार.

आणि तिथंच दिसली,
वरच्या ओळीतली सातवी,
आडवी झोपलेली.

केव्हापासून?
खिळ्याला लटकलेली जुनी कार्डं काढली,
उजेडासमोर धरली.
दर आठ भोकांत एक गायब.
म्हणजे टॉवेलावरच्या मोराच्या मानेत
त्या पांढऱ्या चिरा,
ज्याला चाटी गल्लीतला बंकापुरे
"नवीन फॅशन" म्हणून दोन वर्षं उचलत होता,
ती ही.

मामा मोढ्यावर बसले. बराच वेळ.
चष्मा पुसला, परत पुसला.
मोर त्यांनी हातानं काढला होता,
आलेखाच्या कागदावर, चौकट चौकट भरून,
बायको दवाखान्यात होती त्या महिन्यात.

सरळ करू?
की राहू दे? माल तर खपतोय.

त्यांनी खिशातनं फणी भरायचा हूक काढून दिला.
"हळू. मोडली तर मिळायची नाही."

श्वास धरून उचलली.
केसाएवढी.
आणखी केसाएवढी.
मग वायर बसवली, दोन्ही स्क्रू पिळले,
शेंदरी, पांढरं, मग बटण.
जुना पंखा घरघरला, पडदा हिरवा झाला,
मशीन खटखट करत कार्ड खाऊ लागलं.

संध्याकाळी बंकापुरेचा फोन.
ओ मामा, मोर बदललात व्हय?
गिऱ्हाईक जुना मागतंय.

मामांनी फोन कानापासून लांब धरला,
नव्या कार्डातनं ट्यूबलाइटकडं बघत राहिले.
मोराची अख्खी मान
त्यांच्या गालावर ठिपक्याठिपक्यानं पडली होती.