कसं कळलं?

रजिस्टरला मी सहा रकाने आखले.
नाव, गाव, वय, दोन डोळ्यांचे दोन नंबर,
आणि शेवटचा, मालकांच्या पुण्यातल्या भाच्यानं सांगितलेला:
‘कसं कळलं?’
त्यात टिकेला चारच घरं,
हँडबिल, रिक्षा, केबल, फोन.

हँडबिलं पाच हजार.
एका अंगाला कानडी, दुसऱ्या अंगाला मराठी.
कुठलं अंग वर करून पेपरात घालायचं
यावर आख्ख्या खडेबाजारानं अर्धा दिवस मतं दिली.
शेवटी अडीच हजार अशी, अडीच हजार तशी.
भाचा फोनवर खूश: हाच तर प्रयोग!
कुठल्या बाजूनं माणूस येतो, मोजा.

रिक्षा तीन दिवस फिरली,
वडगाव, अनगोळ, पार येळ्ळूरच्या वेशीपर्यंत.
‘डोळे तपासा, फुकट, फुकट’,
बॅटरी उतरली की भोंगा म्हशीगत हंबरायचा.
केबलवर सिनेमाच्या पायथ्याशी एक पट्टी सरकत होती.
सगळे मिळून अठरा हजार चारशे.
आता एक माणूस आपल्याला कितीला पडला
ते काढायचं होतं.

पहिल्या आठवड्यात आली एक्केचाळीस माणसं.
फोन शून्य.

परशराम ओऊळकर, मागावर चाळीस वर्षं,
आमच्याच हँडबिलात चिरमुरे बांधून घेऊन आले.
मी टीक करायला पेन उचललं.
वाचलंत का हे?
‘वाचतोय कुठलं? तुटलेला धागा दिसंना झालाय,
म्हणून तर आलोय.’
पेन खाली ठेवलं.

जैतुनबी मुल्ला, काकती. कसं कळलं?
‘लग्नाच्या फोटोत विहिणीला मीच समजून
साडी बरी दिसतीय म्हटलं.
सून हसली. तवा कळलं.’
मी विचारत होतो दुकानाचं,
त्या सांगत होत्या डोळ्यांचं,
आणि तसंच सांगत गेले एकेक जण,
मिठाच्या जागी साखर, देवाच्या जागी दिव्याचा डाग,
मोबाइलवर भलत्याच माणसाला लागलेला फोन.
चार घरं कोरी. समासात मात्र
माझं अक्षर मुंगीएवढं होत गेलं.

शनिवारी हलग्याची निंगव्वा आली, भाजीची बुट्टी दाराशी ठेवून.
तिला बसच्या कंडक्टरनं पाठवलं होतं.
शंभराची नोट म्हणून ती त्याला
रोज औषधाची चिठ्ठी देऊ लागली होती म्हणे.
अक्षरं तिला कानडीही येत नाहीत, मराठीही नाहीत.
आकडे येतात.
मालकांनी भिंग बदलत बदलत थांबवलं,
आणि हाताशी होतं तेच हँडबिल समोर धरलं:
बघ, काय दिसतं?

ती फोन नंबरावर बोट ठेवून निघाली.
ओंदु, एरडु, मूरु,
एकेक आकडा, डाव्या हाताचं एकेक बोट मिटत,
मग उजव्या हाताचं.
ओंबत्तु.
एक बोट तसंच उभं राहिलं.
तिनं कागद उलटला, मराठी अंगानं पुन्हा मोजलं.
‘एक कमी हाय की वो, साहेब.’

दोन्ही भाषांत एक आकडा कमी.
पाच हजारांत.
मालकांनी माझ्याकडे पाहिलं.
प्रूफ मी तपासलं होतं,
सत्तेचाळिसाव्या वर्षी, चष्म्याच्या दुकानात, उघड्या डोळ्यांनी,
कारण चष्मा मला शोभत नाही असं
मला फार वर्षांपासून वाटतं.

संध्याकाळी भाच्याचा फोन. रिझल्ट काय?
मालक म्हणाले, माणसं येतात.
कशामुळे?
मालकांनी रजिस्टर हातात घेतलं,
लांब धरलं, जवळ धरलं,
माझा समास त्यांनाही लागेना.
‘कंडक्टर,’ ते म्हणाले. ‘सून.
आणि एक मोठा खर्च आहे अठरा हजार चारशेचा,
तो कशासाठी केला ते बघून सांगतो.’

निंगव्वानं फ्रेम घेतली सर्वांत स्वस्त, तपकिरी.
घासाघीस केली, मेथीची एक जुडी वर ठेवली.
जाताना माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
बुधवारी माझा चष्मा तयार होईल.
रजिस्टरात बेचाळिसावं नाव माझं आहे,
शेवटच्या घरात काय लिहू ते अजून ठरत नाही.