अंगावर काढलेलं

आत या, दोना देओलिंदा.
छत्री तिथेच राहू द्या गळत,
ती फरशी त्यासाठीच आहे.
आधी हा कागद. दोन पानं, घाई नाही :
रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं,
आणि हे माणसाचं चित्र, पुढून आणि मागून.
दुखतं तिथे फुली मारायची.

तुम्ही पेन उचललंत आणि नुसतंच धरून बसलात.
मग उजव्या खांद्यावर एक फुली, बारीक,
कुणी रागावेल अशी.

अडतीस वर्षं मातोझिन्योशच्या कारखान्यात
सार्डिनचे डबे कागदात गुंडाळले, म्हणालात,
एका पाळीला इतके, की मोजणंच सोडलं.
आणि खांदा? तो अंगवळणी पडलाय.
डॉक्टर? छे, अंगावर काढलं.
ग्रासानं, लेकीनं, वाढदिवसाला कूपन दिलं,
ते वाया घालवणं जिवावर आलं, म्हणून आलात.
असू दे. माझी निम्मी माणसं अशीच येतात.

आता काय होईल ते सांगतो.
मी बाहेर जाईन, दार ओढून घेईन.
वाटतील तेवढेच कपडे काढा,
नाहीच वाटलं तर स्वेटरवरूनही दाबता येतं.
चादरीखाली पालथं झोपायचं,
टेबलाला भोक आहे तिथे तोंड ठेवायचं.
तिथून फक्त माझे बूट दिसतील,
त्यांना पॉलिश नाही, आधीच सांगून ठेवतो.
दार वाजवीन. तुम्ही ‘ये’ म्हणाल तेव्हा येईन.
जिथे हात चालू तेवढंच उघडं, बाकी सगळं झाकलेलं.
तेल बदामाचं, बिनवासाचं.
जोर जास्त झाला तर बोला.
‘बरं वाटतंय’ असं उगाच म्हणू नका,
हाताखाली खोटं लगेच ताठ होतं.
पोट गुरगुरलं तर गुरगुरू द्या.
घोरलात तर ते या खोलीबाहेर जाणार नाही.
आणि रडू आलंच
(इथे तुम्ही कागदावरून वर पाहिलंत)
तर रुमाल डावीकडे आहेत.

चादर थंड होती. मग नव्हती.
पहिली दहा मिनिटं तुम्ही मला मदत करत होतात :
मी हात उचलायच्या आत हात वर.
‘त्याचं वजन मला द्या ना.’
‘कसं द्यायचं?’
बरोबर. हे कुणी शिकवत नाही.

खांद्याच्या पात्याखाली ती सापडली,
ऑलिव्हच्या बीएवढी गाठ.
अंगठा ठेवला आणि थांबलो.
ढकलायचं नसतं तिला,
दारात आलेल्या माणसासारखं
उभं राहायचं असतं.
बाहेर ट्राम गेली. दुसरी गेली.
तुम्ही माझ्या बुटांना म्हणालात :
‘याच हाताने आनीबलला उठवून बसवायचे.
तीन वर्षं.’
पुढे काही नाही.

मग हात जड झाला.
पाणी प्यायलेल्या दोरखंडासारखा
अख्खा माझ्या तळव्यात आला.

उठताना घाई नको, आधी कुशीवर व्हा.
उद्या थोडं ठणकेल, परवा नाही.
एका बैठकीत अडतीस वर्षं निघत नाहीत,
कुणी निघतात म्हणालं तर पाकीट सांभाळा.

कपडे घालून तुम्ही गेला नाहीत.
माझा उजवा हात धरलात, दिव्याखाली नेलात,
मासळी बघावी तसा उलटसुलट केलात.
‘हा अंगठा मुळाशी सुजलाय.
आमच्या फिलोमेनाचा अस्साच होता.
कुणाला दाखवलास का, पोरा?’

अहो, चालतंय, म्हणालो, आता ते अंग...
आणि जीभ तिथेच अडली.

टेबलावरून तुम्ही कोरा कागद ओढलात.
चित्रातल्या माणसाला बोटं नव्हती,
नुसते पंजे, ठिपक्यांएवढे.
तुम्ही त्याला एक अंगठा काढून दिलात
आणि त्यावर फुली मारलीत, चांगली मोठी.

छत्री मात्र विसरलात.