उबवण

चिल्वा सरोवराच्या या काठाला वीज नाही,
म्हणून तपासणीच्या नळ्या पोटाशी बांधून झोपायचं.
झोम्ब्यात शिकवलं तेव्हा आम्ही हसलो होतो.
चोवीस तास. कुशीवर वळायचं नाही.
अंगाची ऊब पुरते, बाई म्हणाल्या,
जंतूंना ऊब कळते, कुणाची ते कळत नाही.

पगार नाही. सायकल संस्थेची,
तीही पुढचा ब्रेक नसलेली.
दिवसभरात पाच गावं, दहा विहिरी,
प्रत्येकीचं बोटभर पाणी
आणि नळीवर पेन्सिलीने नाव:
शाळेचा पंप. मशिदीमागची.
बुजवलेली, तरी वापरात.
आंब्याखालची.

आंब्याखालची फायनेसीची.
तिच्याच पडवीत मी चटई टाकली,
तिनेच न्सिमाच्या गोळ्याशेजारी सुकी मासळी वाढली
आणि मगभर पाणी दिलं.
मी प्यालो.
पाहुण्याने पाणी तपासून प्यायचं नसतं.

रात्री फडक्यात गुंडाळलेल्या नळ्या
बेंबीभोवती किणकिणत राहिल्या.
खुडुक कोंबडीसारखा मी, एका जागी,
छपरातल्या पाली मोजत,
आणि प्रार्थना मात्र उलटी:
देवा, यातलं एकही फुटू नये.

दुसऱ्या रात्री दार लावून जांभळा दिवा पेटवला.
सात नळ्या मुक्या.
एक पिवळसर, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखी.
दोन निळ्या उजळल्या.
फायनेसीचा धाकटा लायटन टाळ्या पिटत म्हणाला,
"ती! ती मला!"
खरंच सुंदर होती,
पहाटेआधीचं आभाळ बोटभर कापून आणावं तशी.
तिच्याच उजेडात मी तिच्यावरची अक्षरं वाचली.

सांगायचं कसं, ते पत्रकावर छापलेलं होतं, चित्रांसकट.
"चमकते ती वाईट," एवढंच बोललो.
फायनेसी बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "माझ्या बापाने खणली ती.
अठरा हात. शेवटचे दोन
नुसत्या पात्याने, दांडा मोडला होता."
"विहीर वाईट नाही," मी म्हटलं, "वरून झिरपतंय."
"हो," ती म्हणाली, "झिरपतंच."
तिने लायटनच्या मुठीतून नळी सोडवली
आणि कमरेच्या चितेंज्याला पुसली,
पोराचं नाक पुसावं तशी.

सकाळी तिने क्लोरीनला वास का, हे विचारलं नाही.
किती थेंब, ते विचारलं.
या बादलीला? की त्या?
शेजारणी जमल्या. एकजण पुटपुटली,
या औषधाने कूस सुकते म्हणे.
फायनेसीने पहिला मग स्वतः रिचवला,
तोंड वाकडं केलं,
आणि मग पुन्हा बुडवला.

मी निघालो, तर तिचा हात सायकलीच्या कॅरिअरवर.
"पाणथळीपलीकडे बहिणीचं गाव.
तिथल्या दोन विहिरी कोण बघणार?"
त्या यादीत नव्हत्या. नळ्या चारच उरलेल्या.
"दे इकडे," म्हणाली,
"तू रात्रभर चुळबुळतोस,
काचेचा आवाज येत होता मला.
मी पाच पोरं निजवलीत.
मला न हलता झोपता येतं."