बेट

इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास.
फळ्यावर मी लिहिलं :
चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात.
खाली एक वेडावाकडा गोल, भोवती लाटा.
निळा खडू संपत आलेला,
म्हणून समुद्र एका बाजूला जरा विरळ.

समुद्र कुणीच पाहिलेला नाही.
मीही एकदाच, डी.एड.च्या सहलीत,
पुढच्या मुलींच्या खांद्यांमधून.
तरी सांगत राहिले –
बेटावरचं रान वेगळं असतं, पोरांनो,
तिथला पक्षी फक्त तिथलाच,
तिथे संपला की सगळीकडे संपला.

मागून मुनाफ तडवी :
"बाई, मले माहीत आहे बेट.
फालकांच्या वावरात आहे ना.
आजी तिथून सरपण आणे."
पोरं हसली. मीही, थोडी.
मग घरी पोळ्या लाटताना लक्षात आलं,
त्याचं काहीच चुकलं नव्हतं.
आपल्या भाषेत बांबूचंही बेटच असतं.

शनिवारी सकाळची शाळा. निघालो.
दोन्ही बाजूंना केळी,
एका उंचीची, एका वयाची,
प्रयोगशाळेतून ट्रेमध्ये बसून आलेली.
घडांना निळ्या पिशव्या,
पायाशी ठिबकची नळी, टिप् टिप्.
वीस मिनिटं चाललो,
एक चिमणी दिसली नाही.

मग एकदम सावली बदलली.

दीड एकर असेल,
नांगरानं नाकारलेला खडकाळ तुकडा.
मधे बांबू, कडेनं अंजन, सालई, धावडा,
आणि एक झाड, ज्याचं नाव मला येईना.
"मोई," सायकी पावरा म्हणाली.
एरवी ती हजेरीपुरतंच बोलते.
इथे ती बोट दाखवत पुढे,
मी वहीत उतरवून घेत मागे.
"हा साळिंदराचा काटा. हे त्याचं बीळ.
डोंगरातून येतं ते, नाल्यानं."
"नाल्यानंच का?"
"मग काय केळीतून येईल?
तिथं लपाले काय आहे?"

दोर धरून घेर मोजत होतो.
बाराव्या दोराला हर्षल फालक गप्प झाला.
उन्हाळ्यात जेसीबी येणार, हे त्याला घरून माहीत.
साळिंदर रात्री कंद उकरतं, हेही.
"शंभर खोडं गेली औंदा,"
तो म्हणाला, कुणाकडेच न बघता.
त्यावर माझ्याकडे धडा नव्हता.

आणि तेव्हाच, अंजनाच्या वाळक्या फांदीवर,
अकराच्या लख्ख उन्हात, एक पिंगळा.
कपाळावर ठिपके जवळजवळ नाहीतच.
शेपूट झटकत होता, डावीकडे, उजवीकडे.
रानपिंगळा असेल का –
शंभरावर वर्षं पुस्तकांनी मेलेला मानलेला,
आणि याच सातपुड्यात पुन्हा सापडलेला?
मला खात्री नाही. मी तसं सांगितलंही.
बत्तीस पोरं श्वास धरून उभी.
जिच्यासाठी वर्गात रोज डस्टर आपटते
ती शांतता, तिथे फुकट.

चाचणीत प्रश्न : बेट म्हणजे काय? गुण एक.

सायकीनं एकही शब्द लिहिला नाही.
नकाशा काढला.
वर सातपुडा, हिरवा.
त्यातून निघालेला नाला, दोऱ्याएवढा, तोही हिरवा.
दोऱ्याच्या टोकाला एक ठिपका.
आणि उरलेला सगळा कागद, म्हणजे केळी,
निळ्या पेन्सिलीनं गच्च,
लाटांसकट.

मुनाफनं उत्तर सोडून दिलंय.
म्हणाला, सांगितलं होतं की तुम्हाले.

हर्षलनं पुस्तकातलं लिहिलं,
काना-मात्रा न चुकवता.
खाली खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं एक वाक्य :
आमच्याकडे एक आहे.

लाल पेन हातात धरून बसले बराच वेळ.
"आहे" खाली रेघ ओढली, पुसता येत नाही ती.
बरोबर आहे. आज तरी बरोबर आहे.
गुण दिला,
आणि शेजारी तारीख घातली.