मिनिटाला पन्नास

रात्री पावणेदहाला मी विचारते,
रोज विचारते:
कुठल्या औषधाने पुरळ उठलंय कधी? घसा सुजलाय?
मार्तंडराव शिर्के वैतागतात.
"सिस्टर, काल जे नव्हतं ते आज कुठून येणार?"
येतं, काका. असंच येतं.

खिडकीखाली दांडिया बाजार शटर ओढतोय.
कुपीतली भुकटी सलाईनमध्ये उतरते,
अडीचशे मिलीलीटर,
काहीच न झाल्यासारखं नितळ.
लेबल दिव्याला धरून वाचते.
नाव, बेड, डोस, वेळ.
क्रिएटिनिन सकाळी एक पूर्णांक तीन,
परवा एक होता. डॉक्टरांना कळवलंय.
मूत्रपिंडं तक्रार करत नाहीत कधी,
म्हणून त्यांच्या वतीने मीच खोदून विचारते
आज लघवी किती झाली,
आणि रिफायनरीतून निवृत्त झालेला माणूस
भिंतीकडे बघत सांगतो.

नळीतून आधी नुसतं सलाईन सोडायचं,
दुपारच्या औषधाचा मागमूस राहू नये.
मनगटावर, सुई शिरते तिथे, बोट टेकवून बघायचं:
गरम नाही, टणक नाही.
मग चाक.

नखाएवढं पांढरं चाक.
डोळा थेंबावर, कान घड्याळावर,
मिनिटाला पन्नास.
शंभर मिनिटं.

"एवढ्याशा बाटलीला?
आमच्याकडे तेवढ्यात टँकर भरून निघायचा."
तेहतीस वर्षं व्हॉल्व फिरवलेले हात.
घोट्यात जुन्या अपघाताचा स्क्रू,
त्या स्क्रूभोवती हाड आतून पू धरून बसलेलं.
व्हँकोमायसिन, सहा आठवडे.

तिसऱ्या रात्री मी अकरा नंबरला होते,
तिथल्या बाईंचा ऑक्सिजन उतरला होता.
परत आले तेव्हा बाटली निम्मी,
आणि निम्मी व्हायला अजून अर्धा तास होता.
शिर्क्यांची मान लाल,
कान मिरचीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे,
दोन्ही हातांनी डोकं खाजवतायत.
"झोप येत होती हो. जरासंच फिरवलं."

माझा अंगठा चाकावर. बंद.
श्वास बघितला, प्रेशर बघितलं,
ओठ, जीभ, छाती.
त्यांची सून हेतल कॉटचा दांडा धरून उभी,
काही विचारायचं तिच्या तोंडातून निघेना.
डॉक्टर जिना चढून आल्या, तपासलं,
म्हणाल्या, ही अ‍ॅलर्जी वाटत नाही.
ही घाई आहे.

एक इंजेक्शन, पाऊण तास वाट.
लाली गळ्यावरून खाली सरकत
बनियनच्या काठाशी विरली.
मग त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा सुरू,
निम्म्या वेगाने.

शिर्के बराच वेळ छताकडे बघत होते.
"व्हॉल्व झटक्यात उघडला ना,
की पाइप ओरडतो.
अख्खी लाइन थरथरते.
पोरांना मीच शिकवायचो, सिस्टर.
मला माहीत होतं."

मी काही बोलले नाही. स्टूल ओढून बसले.
ते थेंब मोजायला लागले,
तिसापर्यंत मराठीत,
पुढे आपोआप गुजरातीत,
प्लांटवर मोजायचे तसे.
मिनिट संपलं तेव्हा
आमच्या दोघांच्या हिशेबात एका थेंबाचा फरक होता.
"तुमचा चुकला," म्हणाले.
असेल.

आता ताप उतरलाय.
आता रोज नवा प्रश्न:
बरं वाटतंय, तर आता कशाला?
हाडाला वेळ लागतो, काका.
हाडाला अजून कळलेलं नाही.

काल सात नंबरच्या पेशंटचा भाऊ
घड्याळ बघत उठला, सलाईनच्या स्टँडकडे गेला,
हात वर केला,
आणि पलीकडच्या कॉटवरून,
डोळे मिटलेलेच ठेवून, शिर्क्यांचा आवाज:
"ओ भाई, ए चकरडीने अडशो नहीं."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.
चार्टवर लिहिलं:
दहा वाजून पाच मिनिटं. सुरू.